आयरिश माणसाचे बेट आणि त्याची भाषा

श्रोतेहो, नमस्कार.

डब्लिनहून नैऋत्येकडे मोटारीने निघाले, की रस्त्याकडेच्या पाट्यांवर गावाचे नाव दोनदा लिहिलेले दिसते: वर किंचित तिरप्या अक्षरांत आयरिश नाव आणि खाली सरळ, ठसठशीत अक्षरांत इंग्रजी. खालच्या ओळीतल्या ‘किल्डेअर’मधून काहीच बोध होत नाही, वरच्या ओळीतले ‘किल दारा’ म्हणजे मात्र ओकच्या झाडाजवळचे चर्च. ब्रिटिश सरकारने 1824 मध्ये या बेटाची मोजणी सुरू केली आणि नकाशे काढले, तेव्हा अशा कितीतरी नावांची इंग्रजी रूपे कायमची पक्की झाली. आयरिश माणसाला आपली ओळख सांगताना भाषेपाशी का यावे लागते, ते या पाटीवरून कळते.

हे बेट बत्तीस परगण्यांचे आहे. त्यांपैकी सव्वीस परगण्यांचे आज आयर्लंड हे स्वतंत्र प्रजासत्ताक आहे, तर उत्तरेकडचे सहा परगणे 1921 च्या फाळणीपासून ब्रिटनच्या राज्यात आहेत. तेथे जन्मलेल्या माणसाने स्वतःला आयरिश म्हणवावे, ब्रिटिश म्हणवावे की दोन्ही, हे ठरवण्याचा हक्क 1998 च्या करारानुसार त्याचा त्यालाच आहे. रग्बीचा संघ मात्र साऱ्या बेटाचा मिळून एकच उतरतो.

1841 च्या जनगणनेत बेटावर सुमारे 82 लाख माणसे होती. चारच वर्षांनी बटाट्यावर रोग पडला आणि ज्या गरीब कुळांचे पोट केवळ त्या एका पिकावर चालत होते, ती उघडी पडली. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी दगावली, निदान तितकीच जहाजांत बसून परदेशी गेली. आणि त्याच काळात धान्य व गुरे आयरिश बंदरांतून इंग्लंडला जात होती, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. सर्वांत मोठा घाव पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या आयरिश बोलणाऱ्या मुलखावर बसला. बेटाची लोकसंख्या अजूनही 1841 च्या आकड्याला पोहोचलेली नाही.

ही भाषा वाचवण्यासाठी 1893 मध्ये ‘गेलिक लीग’ स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष डग्लस हाइड पुढे 1938 मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. 1937 च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला. तरीही 2022 च्या जनगणनेत प्रजासत्ताकातल्या सुमारे 19 लाख लोकांनी आयरिश येते असे सांगितले, पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे जेमतेम 72 हजार निघाले. मराठी माणसाने ती एकदा कानावर घालावीच. तिच्यात ‘जवळ असणे’ या अर्थाचे वेगळे क्रियापद नाही. पुस्तक ‘माझ्यापाशी आहे’ असेच म्हणतात, अगदी आपल्यासारखे. क्षमा मागताना ‘ता ब्रोन ओरम’ म्हणतात, म्हणजे ‘माझ्यावर दुःख आहे’.

आज त्या प्रजासत्ताकातला दर पाचवा रहिवासी परदेशात जन्मलेला आहे, आणि आयरिश कोणाला म्हणावे या प्रश्नाचे उत्तर तेथे मोकळेपणाने बदलत आहे. 2017 मध्ये लिओ वराडकर पंतप्रधान झाले. त्यांची आई आयरिश, तर वडील मुंबईचे डॉक्टर. 2019 च्या डिसेंबरात ते मालवण तालुक्यातल्या वराड या आपल्या मूळ गावी आले, तेव्हा सारा गाव त्यांच्या स्वागताला जमला होता.