गाडीच्या टपावर सोलर बसवताना

श्रोतेहो, नमस्कार. मिनीबसची कॅम्पर करून घेतलेल्यांसाठी आजचं हे बोलणं. टपावर सोलर बसवायचं म्हटलं की चर्चा रंगते ती वॅटची. पुढे डोकेदुखी होते ती मात्र गळतीची. म्हणून वॅटचं पटकन उरकतो.

१२ व्होल्टचा छोटा फ्रिज, पंखा, दिवे, मोबाइल मिळून दिवसाला ६०० ते ७०० वॅट-तास लागतात. सपाट बसवलेलं १०० वॅटचं पॅनेल कडक उन्हाच्या दिवशी ३५० ते ४०० वॅट-तास देतं. १७० वॅटची दोन पॅनेलं घेतलीत की निभतं. पावसाळ्यात मात्र या हिशेबावर विसंबू नका.

जागा ठरवायला पॅनेलच्या मापाचे पुठ्ठे टपावर ठेवा आणि सकाळी व दुपारी चारच्या सुमारास बघा. एसीच्या उंचवट्याची सावली नुसत्या कोपऱ्यावर पडली तरी अर्ध्या पॅनेलची वीज बंद पडू शकते, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. पॅनेलखाली ४-५ सेंटिमीटर पोकळी हवीच. एप्रिलच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं, आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वीज घटते. वारा खेळला नाही तर नुकसान आणखी वाढतं.

आता भोकं. टपाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. पत्र्याचे स्क्रू त्यात हादऱ्यानं सैल होतात. दर पॅनेलला चार ब्रॅकेट, ६ मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट आणि आतून मोठे वॉशर लावा. आतलं अस्तर निघत नसेल तर रिव्हनट, म्हणजे बाहेरूनच भोकात दाबून घट्ट बसवायचा नट. भोकाची कड कानशीनं घासून तिला झिंक प्रायमर लावा, नाहीतर गंज रंगाखालून पसरत जातो. ड्रिलचा कीस त्याच संध्याकाळी झाडून काढा. रात्रीच्या दवानं तो गंजतो आणि पांढऱ्या टपावर तांबडे ठिपके कायमचे राहतात.

सीलंट पॉलियुरेथेनचाच घ्या. बाथरूमचं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते पत्र्याला गंज चढवतं, आणि एकदा लागलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही. सीलंट ब्रॅकेटच्या खाली, बोल्टच्या आट्यांवर आणि वरून डोक्यावर, असं तिन्हीकडे हवं. वायर आत घ्यायची ग्लँडपेटी गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवा, म्हणजे धावत्या गाडीत पावसाचा मारा थेट आत घुसत नाही.

दोन्ही पॅनेलं सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडली की सुमारे ३६ व्होल्ट आणि साडेनऊ अँपिअर येतात. ४ चौरस मिलिमीटरची सोलर वायर पुरते. बॅटरीकडे मात्र २६ अँपिअरपर्यंत प्रवाह जातो. तिथे ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलचे व्होल्ट उतरवून बॅटरीला जास्त प्रवाह देणारा), १० चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ ४० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज लांब ठेवलात तर मधली वायर घासून शॉर्ट झाली की ती उघडी जळते.

कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल, काढताना उलट. उन्हात काम करताना पॅनेलवर जाड चादर टाका आणि प्रवाह चालू असताना कनेक्टर ओढू नका, ठिणगी पडते. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पाना घेऊन टपावर चढा आणि आठही ब्रॅकेटचे बोल्ट एकदा आवळून घ्या.