घरामागचं रान आणि मोहाची ढोली

नमस्कार श्रोतेहो.

श्रावण लागला. आमच्या गोंदियाकडे धानाचा रोवणा आटोपत आला, बोड्या म्हणजे शेतातली छोटी तळी काठोकाठ भरली, आणि काल सकाळी घरामागच्या कुंपणावर कळलावीचं पहिलं फूल उमललं. म्हणून आज घरामागच्या रानाबद्दलच बोलते.

आमचं घर गावातलं शेवटचं. पुढच्या दारातून रस्ता दिसतो, मागच्या दारातून जंगल. मधे आमची वाडी, वाडीला बांबूचं कुंपण, कुंपणापलीकडे पंधरा-वीस हात पडीक पट्टी, आणि तिथून पुढे साग, ऐन, मोह, तेंदू, धावडा. ती पडीक पट्टी मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे. सव्वीस वर्षं झाली.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकते. दोनच गोष्टी आहेत. एक, पाहायची जागा एकच ठेवा आणि रोज तिथे जा, दहा मिनिटं का होईना. दुसरी, घरामागच्या अशा पट्टीवर पावसाळ्यात विळा चालवू नका. विळा दिवाळीनंतर. पुन्हा सांगते, विळा दिवाळीनंतर.

का, ते तरोट्यावरून, म्हणजे टाकळ्यावरून, कळेल. पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी भाजी आपण सगळेच खातो. आठ-पंधरा दिवस ती भाजी असते, मग पानं जून होतात आणि त्याच झाडाला आपण तण म्हणू लागतो. यंदा त्याच जून पानांकडे नीट पाहा. लहान पिवळी फुलपाखरं तरोट्याभोवती खाली-खाली घुटमळताना दिसतील. मादी पानावर टेकते, शेपूट वाकवते आणि एकच अंडं उभं करून ठेवते, पांढरं, तांदळाच्या कणीहून बारीक. त्यातून निघालेली हिरवी अळी तीच पानं खाऊन वाढते. भाद्रपदात तरोटा सरसकट कापला, तर आश्विनात अंगणात पिवळी फुलपाखरं कुठून येतील? तेरड्याचंही तसंच. त्याच्या बोंडाला बोट लावलं की ते फटकन फुटून बी उडतं, लेकरांना त्याचं फार वेड. पण ते बी मातीत पडायच्या आधीच झाड कापलं, तर पुढच्या वर्षी तिथे तेरडा नाही.

दारापासून दहा पावलं मात्र साफ ठेवा. पावसाळ्यात मण्यार रात्री फिरते, विंचू असतात, घरात लेकरं असतात. रान कुंपणापलीकडे वाढू द्या. दारात वाढू देऊ नका.

रानाला आपलं रान म्हणताना एक गोष्ट मला नेहमी खुपते. वृक्षारोपण निघालं की खड्ड्यात गुलमोहर जातो. गुलमोहर मादागास्करचा. फुलतो सुंदर, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वैशाखात पिवळ्या झुंबरांसारखा लटकणारा बहावा आपला आहे, आणि ताम्हण तर राज्याचं फूल आहे, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या नाल्याकाठी आपसूक वाढतं. शाळेच्या अंगणात, ग्रामपंचायतीसमोर एक बहावा, एक ताम्हण लावायला काय हरकत आहे? आणि ती रायमुनिया, म्हणजे घाणेरी! फुलं रंगीबेरंगी दिसतात म्हणून कुणी तिला कुंपणाला लावलेलं पाहिलं की माझा जीव खाली-वर होतो. ती अमेरिकेतून आलेली आहे, आणि एकदा माजली की तिच्याखाली गवताची काडी उगवत नाही. चितळांनी खायचं काय?

आता मला जे सांगायचंच आहे ते सांगते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गोठ्यामागे मोहाचं जुनं झाड आहे. त्याची एक जाड फांदी गोठ्याच्या अगदी वर आलेली, आणि बुंध्यापासून निघते तिथे पोकळ झालेली. गोठ्यावर आम्ही त्याच वर्षी नवे कवेलू घातले होते. खाली दोन बैल, एक म्हैस. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, ही फांदी एखाद्या वादळात खाली येईल आणि जनावरं मरतील. चैत्र संपत आला होता, मोहफुलं वेचून झाली होती. सुताराला बोलावलं. तो दोरखंड, कुऱ्हाड, करवत घेऊन सकाळीच वर चढला.

पाच मिनिटं झाली तरी कुऱ्हाडीचा आवाज येईना. मामाजींनी खालून हाक मारली. तो वरून हळूच बोलला, "काकाजी, ढोलीत कोनी तरी हाये. तोंड लिपलं हाये."

ढोलीचं तोंड खरोखरच लिपलेलं होतं. भिंतीचं भोक मातीनं बुजवावं तसं. मधोमध एक उभी फट होती, माझी करंगळी जेमतेम जाईल एवढी. आम्ही श्वास धरून पाहत होतो, आणि त्या फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं आणि परत आत गेलं.

धनेशाची मादी होती ती. राखी धनेश, घारीसारखा चिरका ओरडतो तो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि तोंड बुजवून घेते. नर मातीचे गोळे आणून देतो, ती त्यात स्वतःची विष्ठा मिसळून आतून लिपते. आत बसल्यावर पंखांची आणि शेपटीची पिसं झाडते. नवी पिसं येईपर्यंत तिला उडता येत नाही. तिचं पोट, पुढे पिल्लांचं पोट, सगळं एकट्या नरावर. फट ठेवलेली असते ती तेवढ्यासाठी.

सुतार खाली उतरला. मामाजी बराच वेळ वर पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "बाळंतीण हाये. बाळंतिणीचं घर तोडत नसतेत." सुताराला दिवसाची पूर्ण मजुरी दिली आणि त्याच्याकडूनच सागाचे दोन खांब फांदीखाली टेकू म्हणून लावून घेतले. बैल आणि म्हैस त्याच संध्याकाळी वाडीच्या दुसऱ्या टोकाला नेली, त्यांच्यासाठी मांडव घातला. नवे कवेलू घातलेला आमचा गोठा अख्खा उन्हाळा रिकामा राहिला. गावात लोकांनी विचारलं, एका पाखरासाठी एवढं? मामाजींनी कुणाला उत्तर दिलं नाही.

पुढे तेंदूपानाचा हंगाम आला. पहाटे जंगलात जाऊन पानं आणायची आणि अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. मी मुद्दाम मागच्या अंगणात बसू लागले. नर आला की भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. एके दिवशी संध्याकाळपर्यंत तेवीस रेघा झाल्या. तो फांदीला चिकटून बसे, मान हलवी, गळ्यातून एक उंबर वर काढी आणि चोचीच्या टोकानं फटीत देई. ते आत गेलं की दुसरं, मग तिसरं. एका खेपेला मी अकरा उंबरं मोजली. मोठा सरडा आणला तेव्हा आतून ओढाताण झाली, तीही पाहिली. आणि ढोली आतून स्वच्छ! मादी शेपटीकडची बाजू फटीकडे करून विष्ठा बाहेर फेकते. खाली जमिनीवर तिचा पांढरा पट्टा पडला होता, त्यात बियाच बिया.

वैशाखात एका रात्री अवकाळी आला. गारा, वीज, आणि वारा असा की घराचे कवेलू वाजत होते. फांदी करकरत होती. मामाजी कंदील घेऊन मागच्या दारात उभे, मी त्यांच्यामागे. टेकू टिकले. सकाळी ढोली शाबूत होती, फटीत चोच हलत होती. पण नर आला नाही. आठ वाजले, दहा वाजले. मी पुडे बांधत होते, पण हात चालत नव्हता. दुपार टळली. फटीतून चोच बाहेर येई, थांबे, परत जाई. सासूबाईंनी मला विचारलं, शिडी लावून आपण उंबरं देऊ शकू का? त्या एरवी पाखरांकडे कधी पाहत नसत.

ऊन कलल्यावर तो आला. शेपटीचं मधलं लांब पीस मोडून लोंबत होतं. फांदीवर बसला, तोल गेला, परत बसला, आणि पहिलं उंबर फटीत दिलं. सासूबाई डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. भिंतीवर त्या दिवशीच्या फक्त तीन रेघा आहेत.

मृगाच्या तोंडावर एका सकाळी ढोलीच्या तोंडाची लिपलेली भिंत फुटलेली दिसली. मादी बाजूच्या उंबरावर बसली होती, अंगावर नवी कोरी पिसं. मग नर आणि मादी दोघंही चारू लागले. त्यानंतर काही दिवसांनी दोन पिल्लं फांदीवर आली. आईबापांच्या चोचीवर छोटं शिंग असतं, तसं पिल्लांच्या चोचीवर नव्हतं.

फुटलेल्या भिंतीचा एक तुकडा खाली पडला होता, तो मी जपून ठेवला आहे. आज इथे येताना सोबत आणला. तुम्हाला दाखवता येत नाही, म्हणून सांगते. पुरणपोळीच्या कडेएवढा जाड, काळपट, वीट भाजल्यासारखा कडक. नखानं खरवडला तर निघत नाही. आतल्या बाजूला उंबराच्या बारीक बिया रुतलेल्या आहेत, आणि चोचीनं थापल्याच्या खुणा एकाशेजारी एक दिसतात, आपण गोवऱ्या थापताना बोटं उमटतात तशा.

त्या पांढऱ्या पट्ट्याच्या जागी आषाढात रोपंच रोपं उगवली. त्यातली भोकराची दोन आम्ही राखली. आमच्या वाडीत भोकर कधी नव्हतं. आज ती माझ्या डोक्यावर गेली आहेत, आणि त्यांच्या लोणच्याची बरणी आमच्या घरात दरवर्षी भरते.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला, तेव्हापासून आमच्या रस्त्यानं पुष्कळ गाड्या जातात. थांबून पाणी मागतात आणि विचारतात, वाघ कुठे दिसेल? वाघ पाहावा, जरूर पाहावा. पण पाणी पिऊन होईपर्यंत मी त्यांना मोहाखाली नेते. काही जण मग तासभर हलत नाहीत.

कळलावीचं सांगायचं राहिलं, आणि वेळ थोडा उरला आहे. या आठवड्यात कुंपणाजवळ, बांबूच्या रांजीत पाहा. सहा पाकळ्या, कडेला लाटा, सगळ्या मागे वळलेल्या. पहिल्या दिवशी पिवळं दिसलेलं फूल चार-पाच दिवसांत लालभडक होतं. तेच फूल, रोज पाहिलं तरच कळतं. तिला वेगळे तणावे नसतात. पानाचं टोकच गुंडाळून आधाराला धरतं, ते बोटानं हळूच उचलून पाहा. पण उपटू नका, आणि तिचा कंद कुणीही, कोणत्याही औषधासाठी, तोंडात घालू नका. तो विषारी आहे. लेकरांना आजच सांगून ठेवा, कंद विषारी आहे.

पोळ्याला दाराशी ठेवायला पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, आणायला जाल, तेव्हा वाटेतल्या जुन्या मोहांच्या ढोल्याही पाहत या. आत्ता त्या रिकाम्या असतील. कुठल्या झाडाला आहेत तेवढं लक्षात ठेवा, चैत्रात परत जायला.

नमस्कार.