दोन गोलांचं केळं

हे सावदा, तालुका रावेर, जिल्हा जळगाव. इथं ज्याला विचाराल त्याची केळी, नाहीतर केळीची गाडी, नाहीतर त्या गाडीचा हिशोब. आणि हा आपला भाऊ बॉक्सवर लावायचं स्टिकर बनवू राह्यलाय. फोटोशॉप वगैरे काही नाही, पॉवरपॉइंट. हो, शाळेतल्या प्रोजेक्टला वापरतात तेच.

नेटवरनं केळ्याचा फोटो उचलला असता तर दोन मिनिटांचं काम होतं, पण ते केळं दुसऱ्याचं, वरून मागं पांढरी चौकट. म्हणून त्यानं शिफ्ट दाबून एक गोल काढला, कंट्रोल डी मारून दुसरा, तो थोडा वर सरकवला, आधी खालचा निवडला मग वरचा, आणि शेप फॉरमॅटमधे मर्ज शेप्स, त्यात सबट्रॅक्ट. वरच्या गोलानं खालच्याचा लचका तोडला, उरली ती कोर. पण हे केळं कुठंय भो, ही तर बीजेची चंद्रकोर!

(२०१० च्या पॉवरपॉइंटमधे ही बटणं लपवलेलीच होती, रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीवर, स्वतः आणून ठेवावी लागायची. २०१३ पासून समोर दिसतात, तरी कोणी बघत नाही.)

मग टोकांवर तिरपे चौकोन ठेवून परत सबट्रॅक्ट, टोकं बोथट. देठ जोडायला युनियन दाबलं आणि अख्खं केळं तपकिरी, दोन दिवस उन्हात पडल्यासारखं. झालं काय, जो शेप आधी निवडाल त्याचाच रंग सगळ्याला लागतो, आणि यानं देठ आधी निवडला होता. कंट्रोल झेड. आता केळं आधी, देठ नंतर. मग देठावर चौकोन ठेवून फ्रॅगमेंट केलं, तुकडे सुटे झाले, चौकोनाचा उरलेला तुकडा डिलीट, देठाला वेगळा रंग. एक केळं जमलं की फणी काय, कॉपी करा न् थोडं थोडं फिरवा. फक्त ग्रुप शेवटी करायचा, ग्रुप केलेल्या शेपला मर्ज शेप्स चालतच नाही, यात त्याचा अर्धा तास गेला.

शेवटी राइट क्लिक, सेव्ह अ‍ॅज पिक्चर, फाइलचा प्रकार एसव्हीजी, म्हणजे बॉक्सएवढं मोठं केलं तरी फाटत नाही.

आप्पांनी चष्मा लावून स्क्रीन बघितली. "पिवळं कायले केलं? पिकलेली केळी कोणी गाडीत भरतं का?"

तो काही बोलला नाही. सगळी केळी निवडली, शेप फिल, हिरवा.