सही करण्याआधी हिशेब मागा

नमस्कार श्रोतेहो.

तुरुंगातल्या माणसांच्या घरच्यांना मोफत कायदेशीर मदत मिळवून द्यायचं काम मी करते. मागच्या वर्षी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. हातात बिस्किटांचा जुना डबा. डब्यात मनिऑर्डरच्या पावत्या, तारखेप्रमाणे लावून रबर घातलेल्या. मुलगा अकरा महिने कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेला कैदी, म्हणून आत होता, निर्दोष सुटला. ते अकरा महिने मावशींनी चार घरच्या पोळ्या लाटून त्याला पैसे पाठवले होते. "ताई, त्याचे दोन हजार तीनशे चाळीस तिकडेच राहिले," त्या म्हणाल्या. "गेलो तर सोमवारी या म्हणतात. सोमवारी गेलो तर साहेब नाहीत."

झालं होतं असं, की सुटकेचा हुकूम पोचला दिवेलागणीला. पैशांचं खातं सांभाळणारा कारकून घरी गेलेला. मुलानं बोट दाखवतील तिथे सह्या केल्या आणि तो फाटकाबाहेर आला. मी त्याला दोष देत नाही. अकरा महिन्यांनी दार उघडल्यावर कॅन्टीनच्या खात्यात काय उरलं ते कुणाला आठवेल? पण बाहेर आल्यावर बसच्या भाड्यालाही खिशात पैसे नव्हते, आणि स्वतःचे पैसे भिंतीच्या आत होते. याचा मला आजही राग येतो.

हे पैसे सरकारचे नव्हेत, ही गोष्ट आधी मनात पक्की करा. कैद्यानं सोबत आणलेले किंवा त्याच्यासाठी बाहेरून आलेले पैसे जेलरच्या ताब्यात ठेवायचे, असं 1894 च्या तुरुंग कायद्याचं 25 वं कलम सांगतं. आणि कैद्यांकडून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची नोंद ठेवायची, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे ती अमानत आहे. मागायला गेलेला माणूस भीक मागत नसतो.

आता गोंधळ कुठे होतो? पैसे एकाच जागी नसतात. अटकेच्या वेळी अंगझडतीत पोलीस पैसे, घड्याळ, मोबाईल काढून घेतात. त्याची पावती अटक झालेल्या माणसाला द्यायलाच हवी. 2024 च्या 1 जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 49 वं कलम तसं सांगतं, जुन्या कायद्यातही ते होतंच. यातलं काही मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा, म्हणून जप्त झालं असेल तर ते जेलवाले देऊ शकत नाहीत, त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. लोक नेमके इथे चुकतात, जेलच्या खिडकीशी भांडत बसतात आणि वस्तू पडलेली असते पोलीस ठाण्यात. बाकी जेलमध्ये शिरताना जमा झालेले आणि नंतर घरून आलेले पैसे जेलकडेच मागायचे.

शिक्षा झालेल्या कैद्याची मजुरी आणखी वेगळी. तिला तर आपल्या गुजरातचाच इतिहास आहे. गुजरात सरकार आणि गुजरात उच्च न्यायालय यांच्यातल्या खटल्यात 1998 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सक्तमजुरीच्या कैद्यालाही त्याच्या कामाचा रास्त मोबदला मिळाला पाहिजे. त्यातला काही भाग गुन्ह्यानं ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी बाजूला काढण्याची सोय सरकारांनी करावी, असंही म्हटलं. म्हणून हाती आलेली रक्कम कमी वाटली तर आधी विचारा, कापले किती आणि कशासाठी.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला बजावते. पैसे चेकनं मिळाले तर तो चेक देवघरात ठेवू नका. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. बँकेत खातं नसेल तर सुटकेआधीच तसं सांगा.

आपल्या बडोद्यातल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, त्यांना वाटेल हे इथलंच रडगाणं. तसं नाही. तिथे सुटणाऱ्या कैद्याला त्याचेच पैसे कार्डावर देऊन त्यावर शुल्क कापणाऱ्या जेपे कंपनीला 2021 साली सरकारी यंत्रणेनं लोकांचे 40 लाख डॉलर परत करायला लावले आणि वर 20 लाखांचा दंड केला.

घरच्यांनी एक चोपडी करावी. कधी, किती, कसे पाठवले ते लिहावं, पावत्या जपाव्यात. कैद्याची एका जेलमधून दुसरीकडे बदली झाली तर पैसे मागोमाग आले का, हे भेटीच्या दिवशी विचारावं. पैसे राहिलेच, तर तोंडी बोलू नका. साध्या कागदावर नाव, कैदी क्रमांक, सुटकेची तारीख आणि रक्कम लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तरी उत्तर आलं नाही, तर माहितीच्या अधिकारात खात्याचा उतारा मागा, त्याला 30 दिवसांची मुदत असते. कोर्ट जुन्या न्यायमंदिरातून आता दिवाळीपुऱ्यात गेलंय. मदत लागली तर तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. कोठडीत असलेल्या माणसाला वकील मोफत मिळतो, त्याची कमाई विचारली जात नाही.

मावशींचा अर्ज आम्ही पावत्यांच्या झेरॉक्ससकट दिला. तिसऱ्या खेपेला पैसे मिळाले. कारकुनानं रजिस्टर पुढे सरकवलं तसा मुलानं पेन उचललं. मावशींनी त्याचा हात धरला. टेबलाशी उभं राहूनच नोटा मोजल्या, दोनदा. मग म्हणाल्या, "हं, आता कर सही."