आधी पुसा, मग ठेवा

[टेबलावर बंद खोका. दोन हात.]

खोका अजून उघडलेला नाही. हात तो आधी फिरवून बघतायत. कडा, चिकटपट्टी, खालची बाजू. आत जे यंत्र आहे त्याला हार्डवेअर वॉलेट म्हणतात. वॉलेट म्हटलं की पैसे आत असणार असं वाटतं, पण बिटकॉइन असो की ईथर, अशा डिजिटल चलनाची नोंद ब्लॉकचेन नावाच्या सामायिक वहीत असते, जगभरच्या हजारो संगणकांवर. यंत्रात असते ती किल्ली, प्रायव्हेट की. तिच्या सहीशिवाय त्या नोंदीतली रक्कम जागची हलत नाही.

हा खोका थेट कंपनीकडून मागवलाय. कुणी वापरून विकलेलं यंत्र नाही, स्वस्तात मिळतंय म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून घेतलेलंही नाही. सीलवर आम्ही कॅमेरा फार वेळ ठेवला नाही, कारण सील नव्यानं चिकटवता येतं. बघायचं ते आत. यंत्र कोरं आलं पाहिजे. त्यात आधीच कुणी पिन टाकलेला नको, आणि खोक्यात शब्द छापून आलेले तर मुळीच नकोत. हे शब्द म्हणजे किल्लीची लेखी प्रत, त्यांच्यावरून किल्ली पुन्हा तयार होते, आणि ते यंत्रानंच द्यायचे असतात. खरवडायचं एक कार्ड, त्याखाली २४ शब्द आणि "हेच शब्द वापरून सुरुवात करा" अशी सूचना. या युक्तीनं लोक लुबाडले गेलेत. शब्द ज्यानं छापले, किल्ली त्याच्याकडे आधीपासून असते. तुम्ही पैसे कधी भरता याची तो वाट बघत बसतो.

२०२० मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची नावं आणि घरचे पत्ते चोरीला गेले आणि उघड झाले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या दारात न मागवलेली यंत्रं येऊन पडली, सोबत "सुरक्षेसाठी बदलून देत आहोत" असं पत्र. यंत्रं बनावट होती.

[वायर जोडली जाते. छोटा पडदा उजळतो.]

कंपनीचं अ‍ॅप कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचं, आणि साइटचा पत्ता खोक्यातल्या कागदावर बघून स्वतः टाइप करायचा. शोधून वर आलेल्या जाहिरातीवर बोट ठेवायचं नाही. अ‍ॅप आधी यंत्र अस्सल आहे का तपासतं, मग नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतली प्रणाली, चढवतं. इथे पाच-सात मिनिटं जातात. ती आम्ही कापली आहेत.

आता पिन. हा यंत्रावरच टाकायचा. काही यंत्रं तिसऱ्या चुकीच्या पिनला स्वतःला पुसून टाकतात. काही दर चुकीनंतर जास्त जास्त थांबायला लावतात आणि सोळाव्या चुकीला पुसतात. पिन यंत्राला राखतो, एवढंच त्याचं काम. यंत्र चोरीला गेलं, बिघडलं, पाण्यात पडलं, तर पिनचा काही उपयोग नाही. तिथे उपयोगी पडतात ते शब्द, आणि ते आता येतायत.

[पडदा जवळून. एक शब्द. पेन्सिल कागदावर टेकते.]

हे दृश्य दाखवायचं की नाही यावर आमच्यात बराच खल झाला. खरे शब्द कॅमेऱ्यासमोर आणायचेच नसतात. म्हणून एक कबुली. तुम्ही बघताय ते शब्द खास चित्रीकरणासाठी तयार केलेत. त्यांच्यावर एक पैसाही ठेवलेला नाही, आणि ठेवणारही नाही.

शब्द येतात कुठून? यंत्र आतल्या आत एक आकडा निवडतं, निव्वळ नशिबानं. किल्ली त्यातूनच बनते. शून्य आणि एक यांची २५६ घरांची रांग. पडताळणीसाठी यंत्र तिला आणखी ८ घरं जोडतं. झाली २६४. त्यांचे अकरा-अकराचे २४ तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्याला २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतला एक शब्द मिळतो. यादी 'अबँडन' या शब्दानं सुरू होते आणि 'झू' या शब्दावर संपते. २०१३ साली ही पद्धत मांडणाऱ्यांमध्ये मारेक पालाटिनुस आणि पावोल रुस्नाक होते. या दोघांच्याच प्रागमधल्या कंपनीनं २०१४ मध्ये ट्रेझर बाजारात आणला. अशा जातीचं ते पहिलं यंत्र. आज बहुतेक कंपन्या तीच यादी वापरतात, म्हणून एका कंपनीच्या यंत्रातले शब्द दुसऱ्या कंपनीच्या यंत्रातही चालतात. काही यंत्रं १२ शब्द देतात, तेही पुरेसे असतात.

पेन्सिल बघा. क्रमांक आधी, शब्द नंतर. शब्द इंग्रजी आहेत, ते जसेच्या तसे रोमन अक्षरांत, स्पेलिंगसह. देवनागरीत उतरवू नका, भाषांतर तर नकोच. क्रमही शब्दांइतकाच महत्त्वाचा. सातवा आणि आठवा इकडचे तिकडे झाले तरी किल्ली वेगळी.

फोन खोलीबाहेर ठेवलाय. शब्दांचा फोटो काढायचा नाही, कारण फोटो फोनमध्ये थांबत नाही, तो क्लाउडवर चढतो. ईमेलचा मसुदा नको, नोट्स नकोत, प्रिंट नको. संगणकाच्या कीबोर्डवर हे शब्द कधीही टाइप करायचे नाहीत. कुठल्याही कंपनीचा मदत विभाग शब्द विचारत नाही. विचारणारा चोर समजा आणि बोलणं तिथेच थांबवा.

[दुसरा कागद. जुना. उजवी बाजू डागाळलेली.]

हा कागद टेबलावरच्या याच हातांनी काही वर्षांपूर्वी लिहिला होता. पाणी लागून उजवा रकाना गेला. तेरा ते चोवीस. यंत्रानं तिसऱ्या चुकीच्या पिनला स्वतःला पुसलं होतं. एखादा शब्द गेला असता तर २०४८ पर्याय ताडून सापडला असता. बारा शब्द असे सापडत नाहीत.

[हातोडा. पहिला ठोका.]

म्हणून पोलाद. ही पट्टी स्टेनलेस स्टीलची आहे, आणि हे अक्षरांचे ठसे. यादी बांधतानाच काळजी घेतलेली आहे की कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी येऊ नयेत. त्यामुळे पट्टीवर शब्दाची चार अक्षरं पुरतात. २४ शब्द, जास्तीत जास्त ९६ ठोके. ठसा उभा धरायचा, डाव्या अंगठ्यानं तळाशी दाबायचा, आणि एकाच घावात काम करायचं. दुसरा घाव बसला की अक्षर दुहेरी उमटतं. ई आणि एफ मध्ये गफलत होते. इथे बघा, नवव्या ओळीत तेच झालंय. ती ओळ खोडून खाली नव्यानं ठोकली.

स्टेनलेस स्टील साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. घराला लागलेली आग सहसा तिथवर जात नाही. पट्टी आम्ही बर्नरच्या ज्योतीत धरून पाहिली. काळी पडली, थोडी वाकली. ब्रशनं घासल्यावर अक्षरं जशीच्या तशी.

[पडद्यावर पत्ता. शेजारी वही.]

आता बहुतेक जण जी पायरी सोडून देतात तिच्याकडे येऊ. हा सगळा माहितीपट आम्ही तिच्यासाठीच केला.

यंत्र तयार आहे, अ‍ॅप म्हणतंय पैसे घ्या. थांबा. बिटकॉइन स्वीकारण्याचा पहिला पत्ता यंत्राच्या पडद्यावर उघडा आणि वहीत पूर्ण उतरवून घ्या. पत्ता गुपित नसतो, तो लिहायला हरकत नाही. आणि मग यंत्र पुसून टाका. मुद्दाम. सेटिंगमध्ये जाऊन, किंवा चुकीचे पिन टाकून.

[पडदा काळा. मग कंपनीची खूण. मग "नवं पाकीट की जुनं परत आणायचं?"]

आत काही नसताना पुसायचं. धडधड होते तरीही, हे हात बघा. पण आता चूक निघाली तर गमवायला काही नाही. नवे शब्द घ्यायचे आणि पुन्हा लिहायचे. हीच चूक वर्षभरानं निघाली, तर त्याचं काय होतं ते त्या जुन्या कागदावर दिसलंच.

परत आणताना शब्द यंत्रावरच भरायचे. दोन बटणं, एक अक्षर पुढे, एक अक्षर मागे, दोन्ही दाबली की निवड. तीन-चार अक्षरांत यंत्र शब्द ओळखतं. कागद बाजूला ठेवलाय, वाचन पट्टीवरून चाललंय, कारण परीक्षा पट्टीची आहे. पंधरावा शब्द. सोळावा. संकलनात बराच वेळ कापलाय, प्रत्यक्षात घाई करू नका. चुकीचा शब्द गेला तर मघाची ती ८ घरं जुळत नाहीत आणि यंत्र शेवटी नकार देतं. शब्द २४ असतील तर चूक यातून सहसा निसटत नाही. १२ असतील तर सोळात एकदा निसटू शकते. म्हणून यंत्राच्या होकारावर थांबायचं नाही, पत्ता ताडायचा.

[वही आणि पडदा शेजारी शेजारी.]

तोच पत्ता, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. खात्याचा प्रकार मात्र आधीचाच निवडायचा. बिटकॉइनच्या पत्त्यांचे तीन-चार प्रकार आहेत. वेगळा निवडला तर शब्द बरोबर असूनही पत्ता वेगळा दिसतो आणि उगीच पोटात गोळा येतो.

[छोटी रक्कम येते. मग परत पाठवली जाते.]

आता थोडीशी रक्कम. आली की त्यातली थोडी बाहेर पाठवून बघायची. इथे यंत्राचं खरं काम दिसतं. संगणक व्यवहार मांडतो, वायरीतून आत पाठवतो, यंत्र आत सही करतं आणि सही केलेला व्यवहार बाहेर येतो. किल्ली बाहेर येत नाही, मग संगणकात व्हायरस का असेना.

पण व्हायरस दुसरीकडून घुसतो. तुम्ही पत्ता कॉपी करता, तो पेस्ट होताना बदलून टाकतो. किंवा कुणी तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखाच, सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं तीच असलेला पत्ता तयार करतो आणि त्यावरून चिल्लर पाठवून तुमच्या इतिहासात घुसवतो. पुढच्या वेळी तुम्ही तिथून कॉपी करता. म्हणून पत्ता यंत्राच्या पडद्यावर वाचायचा, मधली अक्षरंसुद्धा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून, म्हणजे अशा चलनांच्या बाजारातून, सुमारे दीड अब्ज डॉलरचे ईथर गेले. सही करणाऱ्यांच्या संगणकावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता, सहीला गेला तो वेगळा होता. यंत्राच्या पडद्यावर जे उलगडत नाही, त्यावर सही करायची नाही.

[हात. पडदा. ओठ पुटपुटतायत.]

चार चार अक्षरं मोठ्यानं वाचली जातायत. वहीत बोट, पडद्यावर नजर. दोन्ही जुळलं. आता बटण.

[दोन पट्ट्या. दोन वेगळे लिफाफे. दोन वेगळी दारं.]

त्याच शब्दांची दुसरी पट्टी दुसऱ्या घरात जाईल. ती कुठे आहे हे घरातल्या एका माणसाला माहीत आहे, ती कशासाठी आहे हेही त्याला सांगितलंय. जुना कागद टेबलावरच राहिलाय. तो फेकायला अजून कुणी हात लावलेला नाही.