नकाशा पसरत गेला आणि अमेरिका बदलत गेली

स्क्रीनवर दिसतोय तो नकाशा 1803 चा. अमेरिका तेव्हा अगदी कोवळा देश, आणि अध्यक्ष जेफरसनची माणसं पॅरिसला गेलीयत ती फक्त न्यू ऑर्लिन्स बंदर विकत मिळतंय का बघायला, कारण मिसिसिपी नदीतून येणारा सगळा माल तिथूनच समुद्रात जायचा. नेपोलियन म्हणाला बंदर कशाला, अख्खं लुइझियानाच (म्हणजे मिसिसिपीच्या पश्चिमेचा फ्रान्सचा अवाढव्य प्रदेश) घ्या! हैती या फ्रान्सच्या वसाहतीत गुलामांनी उठाव केलेला, तिथे त्याच्या सैन्याची पिवळ्या तापाने वाट लागलेली, वर इंग्लंडशी युद्ध तोंडावर, त्याला पैसा हवा होता. दीड कोटी डॉलरमध्ये देश जवळजवळ दुप्पट झाला. म्हणजे लढले हैतीचे गुलाम आणि जमीन मिळाली गुलाम ठेवणाऱ्यांना.

या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ओसेज, पॉनी, लकोटा लोकांना अर्थात कुणी विचारलं नाही.

सरकारची पद्धत एकदम हिशेबी. 1785 च्या कायद्याप्रमाणे जमिनीचे सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन पाडायचे, त्यात 640 एकरांचे 36 तुकडे, त्यातला सोळावा शाळेच्या खर्चासाठी राखीव, बाकी विकायचे. विमानातून खाली बघितलं तर तिकडची शेतं आजही चौकोनीच दिसतात. पूर्वेकडचा साधा गोरा माणूस इथे येऊन जमीनमालक झाला, आणि पश्चिमेच्या बहुतेक नव्या राज्यांनी मतदानासाठी मालमत्तेची अटच ठेवली नाही, मग जुन्या राज्यांनाही हळूहळू ती काढावी लागली. याच मतांवर 1828 मध्ये अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष म्हणून निवडून आला.

आणि त्याच जॅक्सनने 1830 मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवायचा कायदा केला. चेरोकी लोकांचं तर फार वाईट वाटतं, कारण "सुधारा" म्हणून जे जे सांगितलं ते त्यांनी केलं होतं: सेक्वोयाने बनवलेली स्वतःची लिपी, राज्यघटना, वर्तमानपत्र, आणि 1832 ला सुप्रीम कोर्टाचा निकालसुद्धा त्यांच्या बाजूने लागला, तरी 1838-39 मध्ये सैनिकांनी त्यांना घराबाहेर काढलंच. त्या वाटेवर अंदाजे चार हजार माणसं मेली.

रिकाम्या केलेल्या अलाबामा, मिसिसिपी या दक्षिणेच्या राज्यांच्या जमिनीत लावला कापूस. सरकी काढायचं यंत्र 1793 मध्येच आलेलं, इंग्लंडच्या गिरण्या मागतील तेवढं कमीच, फक्त मजूर हवे होते. आफ्रिकेतून गुलाम आणायला 1808 पासून बंदी, मग व्हर्जिनिया, मेरीलँडमधली माणसं दक्षिणेत विकायला सुरुवात झाली. गृहयुद्धापर्यंत साधारण दहा लाख माणसं अशी हलवली गेली, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसऱ्याच मळ्यावर. गुलामगिरी आपोआप संपेल असं जुन्या नेत्यांपैकी काहींना वाटायचं, पण 1790 ला सुमारे सात लाख असलेले गुलाम 1860 ला चाळीस लाखांच्या घरात गेले. माझ्या मते गोऱ्यांची बरोबरी आणि काळ्यांची गुलामी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, दोन्ही त्याच स्वस्त जमिनीवर वाढल्या.

मग प्रत्येक नव्या राज्यावरून तोच वाद, इथे गुलाम चालणार की नाही? 1820 ला मिसूरी या नव्या राज्यावरून तडजोड झाली: मिसूरीत गुलाम चालतील, पण बाकी लुइझियानात एका ठरावीक रेषेच्या उत्तरेला नाही. 1848 मध्ये मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियासकट प्रचंड प्रदेश घेतला तेव्हा ती कोलमडायला लागली, 1854 नंतर कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंचे लोक बंदुका घेऊनच राहायला गेले, आणि 1861 ला गुलाम ठेवणारी दक्षिण विरुद्ध उत्तर असं गृहयुद्ध.

त्याची झळ, खरं तर आधी चांदी, आपल्या मुंबईपर्यंत आली. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा एवढा आला की समुद्र बुजवायच्या कंपन्यांच्या शेअरवर लोक तुटून पडले. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, कापसाचा भाव कोसळला, आणि काही महिन्यांतच मुंबईतल्या बँका आणि व्यापारी पटापट बुडाले.