पॉइंट्सचं खातं नेमकं कुठे उघडायचं?

मंडळी, विमान कंपन्या नेहमीच्या प्रवाशांना प्रवासामागे पॉइंट्स देणारे कार्यक्रम चालवतात, आणि ते पॉइंट्स पुढे तिकिटासाठी वापरता येतात. यातला कुठला कार्यक्रम घ्यायचा हे ठरवण्याआधी एक काम करा. गेल्या बारा महिन्यांची तिकिटं ईमेलमधून शोधून काढा आणि प्रत्येक प्रवासापुढे चार गोष्टी लिहा: कुठून कुठे, विमान कुणाचं, भाड्याच्या वर्गाचं इंग्रजी अक्षर (तिकिटावर ‘क्लास’पुढे असतं ते) कुठलं आणि कर वगळून मूळ भाडं किती. हा कागद हातात असल्याशिवाय कुठलाही कार्यक्रम निवडू नका. वर्षाला चाळीस फेऱ्या करणारी माणसंसुद्धा विमानतळावरच्या जाहिरातीकडे बघून फॉर्म भरतात, आणि मग पॉइंट्स पाच ठिकाणी विखुरतात.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कुणाच्या विमानात बसायचं हा एक निर्णय, आणि पॉइंट्स कुणाच्या खात्यात जमा करायचे हा दुसरा. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये, म्हणजे एकमेकींच्या प्रवाशांना पॉइंट्स आणि सवलती देणाऱ्या विमान कंपन्यांच्या गटात आहे. त्यामुळे तिच्या विमानातून गेलात तरी पॉइंट्स सिंगापूर एअरलाइन्सच्या किंवा लुफ्तान्साच्या कार्यक्रमात जमा करता येतात. मात्र एका प्रवासाचे पॉइंट्स एकाच खात्यात जातात.

आता पुण्याचं बघू. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास. लांब पल्ल्याचं मोठं विमान भरलेल्या टाक्या घेऊन इथून उडवणं अवघड. म्हणून चाकणच्या कारखान्यातून जर्मनीला जाणाऱ्यापुढे दोन वाटा असतात: टॅक्सीने मुंबई गाठायची, नाहीतर दिल्लीत विमान बदलायचं. दिल्लीमार्गे एकाच तिकिटावर गेलात तर पुण्याचा टप्पाही हिशेबात येतो आणि बॅग पुण्यातच थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत टॅग होते. परतताना मात्र ती दिल्लीत कस्टम्ससाठी उचलून पुन्हा द्यावी लागते, तेव्हा मध्ये किमान तीन तास ठेवा. असा प्रवास वर्षातून चार-पाच वेळा असेल तर स्टार अलायन्समधलाच एखादा कार्यक्रम घ्या आणि लक्ष्य ठेवा गोल्ड दर्जाचं, म्हणजे भरपूर प्रवास करणाऱ्या सभासदांना मिळणाऱ्या वरच्या श्रेणीचं. गोल्डला इकॉनॉमीच्या तिकिटावरही लाउंज मिळतं, सोबत एक पाहुणा नेता येतो, आणि सामान वजनावर मोजत असतील तिथे २० किलो जास्त नेता येतं. सुटे भाग आणि नमुने घेऊन जाणाऱ्यांना या २० किलोंचं मोल पॉइंट्सपेक्षा कितीतरी जास्त आहे.

हिंजवडीहून दर आठवड्याला दिल्ली किंवा बंगळूर करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी सोयीची वेळ बघून उड्डाण घ्यावं आणि ज्या कंपनीची उड्डाणं त्यात जास्त, तिचा कार्यक्रम धरावा. इंडिगोचा ब्लूचिप हा पॉइंट्सचा कार्यक्रम २०२४ मध्ये आला. पण इंडिगो कुठल्याही अलायन्समध्ये नाही, त्यामुळे तिथला दर्जा फ्रँकफर्टच्या काउंटरवर लुफ्तान्साकडे चालत नाही. एअर इंडियानेही २०२४ मध्ये पॉइंट्स अंतराऐवजी खर्चावर द्यायला सुरुवात केली. कंपनी शेवटच्या क्षणी महागडी तिकिटं काढत असेल तर यात तुमचा फायदा आहे. महिनाभर आधी स्वस्तातलं काढत असेल तर हातात फार काही पडत नाही.

अंतरावर मोजणाऱ्या कार्यक्रमात ते भाड्याचं अक्षर निर्णायक ठरतं. मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण ४,१०० मैल. सगळ्यात स्वस्त अक्षरांना बऱ्याच ठिकाणी या अंतराच्या २५ टक्केच पॉइंट्स मिळतात, म्हणजे हजारभर; काही अक्षरांना शून्य. तक्ता प्रत्येक कार्यक्रमाच्या साइटवर असतो. कोडशेअर असेल, म्हणजे तिकीट एका कंपनीच्या क्रमांकाचं आणि विमान दुसरीचं असेल, तर तिकिटावरची ‘ऑपरेटेड बाय’ ही ओळही वाचा, कारण तक्ता बहुधा विमान उडवणाऱ्या कंपनीचा लागतो.

पॉइंटची किंमत काढायची रीत सोपी आहे. समजा तिकीट ७,००० रुपयांचं आहे, पॉइंट्स वापरूनही १,००० रुपये कर भरावाच लागतो, आणि १२,००० पॉइंट्स जातात. मग ६,००० भागिले १२,०००, म्हणजे एका पॉइंटला ५० पैसे. तारीखही बघा: सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या कार्यक्रमाचे मैल (तिथे पॉइंट्सना मैल म्हणतात) ३६ महिन्यांनी बाद होतात. आणि साठवून ठेवू नका. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट २०१९ मध्ये. ज्यांनी मोठ्या सहलीसाठी वर्षानुवर्षं जमवलं होतं, त्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं.

आपल्याकडे हमखास चुकतं ते नाव. पासपोर्टमध्ये नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. तिकिटावर ते जोडून ‘सचिनरमेश’ असं छापलं जातं, आणि खातं उघडताना आपण नुसतं ‘सचिन’ लिहिलेलं असतं. नाव जुळत नाही, पॉइंट्स जमा होत नाहीत, आणि हे सहा महिने लक्षातही येत नाही. म्हणून खातं पासपोर्टप्रमाणेच उघडा. कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्ककडच्या तुमच्या प्रोफाइलमध्येही तेच नाव आणि सभासद क्रमांक घालून घ्या. डेस्क बदलला की तो क्रमांक सगळ्यात आधी गळतो. चेक-इन करताना बोर्डिंग पासवर क्रमांक छापलाय का बघा. नसेल तर काउंटरवर तिथेच सांगा.

पॉइंट्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पासचा फोटो आणि तेरा आकडी तिकीट क्रमांक जपून ठेवा. पहिले तीन आकडे तिकीट कुणी काढलं ते सांगतात: ०९८ एअर इंडिया, २२० लुफ्तान्सा, ६१८ सिंगापूर. राहिलेले पॉइंट्स मागताना फॉर्मवर हाच क्रमांक विचारतात, पीएनआरवर भागत नाही.